लेकीच्या कमाईचा जमाखर्च

लेकीला द्यावे, लेकीचे खाऊ नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जेवायचे नाही, हा नेम पाळणारे आजोबा ग्वाल्हेरच्या लष्करातील पुष्कळ जुन्या मराठी घरांना आठवत असतील. पण ही रीत केवळ आपली नव्हे. पंजाबात ती आपल्याहूनही कडक होती. तिकडचे जुने लोक लेकीच्या सासरी गेले, तर तिथले पाणीसुद्धा पीत नसत. जिच्या घरचे पाणी चालत नाही, तिच्या पगाराचे पीठ घरात कसे चालावे? हा पेच शीख कुटुंबांनी कसा सोडविला, आणि कोठे तो अजून सुटलेला नाही, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

शीख घरांशी माझा संबंध गाण्यामुळे आला. गुरु ग्रंथसाहिबातील बहुतेक वाणी ३१ रागांनुसार लावलेली आहे, आणि तीत आपल्या नामदेवांची ६१ पदेही आहेत. कीर्तन नीट गाता यावे म्हणून मुलामुलींना रागदारी शिकावयास पाठविणारी काही कुटुंबे आमच्या गावात आहेत. शिकवणी आटोपली की चहा होतो, आणि चहाबरोबर घरच्या गोष्टीही निघतात.

शीख धर्माने माणसाला तीन कामे सांगितली: नाम जपावे, किरत करावी आणि वाटून खावे. किरत म्हणजे कष्टाची, सचोटीची कमाई. ती पुरुषानेच करावी, असे कोठे म्हटलेले नाही. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ साली मान्य केलेल्या रहत मर्यादेत तर यापुढचे पाऊल आहे. मुलीचे आईबाप तिच्या घरी गेले आणि तेथे अन्न तयार असेल, तर त्यांनी जेवावयास अनमान करू नये. न जेवणे हा मनाचा दुबळेपणा होय, अशा अर्थाचा नियम त्यात घातलेला आहे. नियम करावा लागला, यावरूनच रीत किती खोल रुजली होती ते दिसते.

ती रीत नियमापेक्षाही गरजेने मोडली. १९४७ च्या फाळणीत पश्चिम पंजाबातील कुटुंबे जमीनजुमला टाकून इकडे आली. कोणाचा कर्ता पुरुष मारला गेला होता, कोणाचा धंदा बुडाला होता. मुली शिवणयंत्रावर बसल्या, टंकलेखन शिकल्या, शाळांतून आणि इस्पितळांतून नोकरीस लागल्या. माझ्या एका शिष्येची आजी तेव्हा आठ वर्षांची होती. तिची भुआ, म्हणजे आत्या, मास्तरीण झाली. तिच्या पगारावर धाकटे भाऊ शिकले, मार्गी लागले, त्यांची लग्ने झाली. भुआचे लग्न मात्र दर वर्षी पुढच्या वर्षावर गेले आणि शेवटी राहूनच गेले. “सगळे म्हणायचे, ती देवी आहे,” आजी सांगते, “पण घर बांधले तेव्हा कागदावर नावे फक्त भावांची पडली.”

पुढे या आजीच्या नातीला बँकेत नोकरी लागली. पहिला पगार तिने गुरुद्वारात माथा टेकून आणला, दसवंध म्हणून दहावा हिस्सा बाजूला काढला आणि उरलेला बापापुढे ठेवला. त्याने हात मागे घेतला. धीची, म्हणजे लेकीची, कमाई कशी घ्यावी? तेव्हा आजीने निवाडा केला. पैसे घ्यायचे, पण घराच्या वहीत तिच्या नावाने जमा मांडायचे; तिच्या लग्नाचा विचार या पैशासाठी एक दिवसही लांबवायचा नाही; आणि वरची खोली तिच्या कर्जातून होणार असेल, तर कागदावर तिचे नाव घालायचे. त्याप्रमाणे झाले. आता घरातील मोठ्या खर्चाची बोलणी होतात तेव्हा ती मुलगी पाणी देऊन आत जात नाही. बसते आणि बोलते.

माझे वडील दरबारचे गवई. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते; मी त्यांचे उतारवयातले अपत्य. माझी थोरली बहीण शाळेत संगीत शिकवून पगार आणू लागली, तेव्हा त्यांनी तो कधी हाती घेतला नाही. आई मात्र त्यातूनच वाण्याची उधारी भागवी. वडिलांना हे ठाऊक होते, आणि त्यांना ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक होते. अब्रू राहिली, पण बहिणीने घर चालविले, हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारले नाही.

कायदा याबाबत मोकळा आहे. शिखांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू कायद्यांनी मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा दिला आणि निराधार म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलाबरोबर तिच्यावरही टाकली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीही या जबाबदारीतून सुटत नाहीत, असा निकाल दिला. तो खटला एका मराठी बापलेकीचाच होता. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाइतका हक्क मिळाला. तरीही पंजाबात काय, आपल्याकडे काय, भावाशी वाकडे नको म्हणून हक्क सोडून देणाऱ्या बहिणी पुष्कळ. जबाबदारी घ्यावी आणि हक्क सोडावा, असा हा उलटा हिशेब! आज पंजाबातील कितीतरी मुली शिक्षणासाठी कॅनडात जातात, कधी घरची जमीन गहाण टाकून. तिथे काम करून त्या घरी पैसे पाठवितात. त्यांच्याही बाबतीत हिशेब हाच आहे.

मैफलीत तंबोरा आरंभापासून शेवटपर्यंत वाजतो. तो थांबला तर गवयाचा सूर उघडा पडतो. पण जाहिरातीत तंबोरा धरणाऱ्याचे नाव नसते. घरातल्या मिळवत्या मुलीचे असे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे. तिचा पैसा घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो घेऊन न घेतल्यासारखे करण्यात. वाचकहो, आपल्याही घरी अशी लेक असेल, तर या महिन्याच्या वहीत तिचे नाव लिहा, आणि पुढची मोठी खरेदी ठरविताना तिला बोलावून बसवा.