घास अडकण्यापूर्वी

घास घशाखाली उतरेनासा झाला की मनुष्य डॉक्टरकडे धाव घेतो. परंतु अन्ननलिकेच्या कर्करोगात तोपर्यंत वेळ बहुधा उलटून गेलेली असते. अन्ननलिका ही ताणली जाणारी लवचिक नळी आहे. तिच्या पोकळीचा बराच भाग गाठीने व्यापेपर्यंत ती तक्रार करीत नाही. आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, अखेर पाणीही. आणि दरम्यान ‘पित्त असेल’ म्हणून रोगी स्वतःची समजूत घालीत राहतो. २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे त्याने दगावली. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके निकट असावेत, यातच सारे आले.

तेव्हा रोगाने तोंड दाखविण्याआधीच त्याला गाठता येईल काय? या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला तो चीनने. हेनान प्रांतात, ताइहांग पर्वताच्या कुशीत लिन्शियान नावाचा भाग आहे. तेथे या रोगाचे प्रमाण असाधारण. १९६० च्या सुमारास शेन छ्युंग या वैद्याने एक साधी युक्ती योजिली : जाळीने मढविलेला छोटा फुगा गिळावयाचा, तो आत फुगवून हलकेच वर ओढावयाचा आणि जाळीला चिकटलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या. फुग्याच्या हातून पुष्कळ रोगी निसटत, म्हणून पुढे त्याची जागा दुर्बिणीने घेतली. एंडोस्कोपी करताना अस्तरावर आयोडीनचे द्रावण फवारतात. निरोगी पेशींतील ग्लायकोजेनमुळे त्या तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत ते फारसे उरलेले नसते, म्हणून तेवढा डाग फिकट राहतो. बटाट्यावर आयोडीन टाकण्याच्या शालेय प्रयोगाचेच हे भावंड म्हणावयाचे.

हेबेइ प्रांतातील त्सशियान भागात ४० ते ६९ वर्षे वयाच्या ग्रामस्थांची अशी एकच वेळ तपासणी झाली व आढळलेल्या विकृतींवर उपचार करण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांनुसार, तपासणीच्या गावांत या रोगाने मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण ३.३५ टक्के, तर तपासणी न झालेल्या गावांत ५.०५ टक्के होते. म्हणजे हजारी सतरा मृत्यू कमी. आणि बोलाविलेल्यांपैकी जेमतेम निम्मेच आले होते!

परंतु सर्वांच्याच घशात दुर्बीण घालणे कोणत्या देशाला परवडेल? संभाव्यतेचे गणित येथे कामास येते. हेनानमध्येच वय, घराण्यातील रोगाचा इतिहास, धूम्रपान, कृश देह, स्वयंपाकाचे इंधन, भराभर व कढत खाण्याची सवय अशा साध्या माहितीवरून जोखीम मोजून पाहण्यात आली. हे गणित अमक्याला रोग होईल असे सांगत नाही. तशा हजारांत तो इतरांहून अधिक जणांना होईल, एवढेच सांगते. त्याला ज्योतिष मानून हबकणारा आणि जोखीम कमी निघाली म्हणून विडी पेटविणारा, दोघेही सारखेच फसतात. पाश्चात्त्य देशांत तर रोगाची जातच निराळी : तेथे वर्षानुवर्षांची आम्लाची जळजळ आणि स्थूलपणा यांना महत्त्व.

भारतात आसाम व काश्मीर येथे या रोगाचे प्रमाण मोठे आहे. एकंदर देशात तंबाखू, विडी, सुपारी व मद्य यांचा वाटा विसरून चालणार नाही. म्हणून हेनानची प्रश्नावली जशीच्या तशी येथे लागू करणे म्हणजे परक्याच्या मापाने अंगरखा शिवणे होय. २०१६ साली आखलेल्या राष्ट्रीय तपासणी योजनेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश झाला. कारण उघड आहे. तोंडात आरोग्यसेविकेला विजेरीच्या उजेडात पाहता येते, अन्ननलिकेत नाही. परंतु ज्याच्या तोंडात तंबाखूचा पांढरा चट्टा सापडतो, त्याच्या अन्ननलिकेवरूनही तोच रस उतरत असतो. तपासणीस आलेल्या अशा माणसाला वय, घराणे, व्यसन आणि गिळणे यांविषयी चार प्रश्न अधिक विचारून, जोखीम मोठी दिसेल त्याला पुढे धाडावयास निराळी योजना लागत नाही. लागते ती जिल्हा रुग्णालयात चालू स्थितीतील दुर्बीण, आणि ती हाताळणारा माणूस.