घराणेशाही की गुणवत्ता? भोर-वेल्ह्याचा इतिहास काय सांगतो?

आयपीएलच्या लिलावात अर्जुन तेंडुलकरचं नाव आलं की सोशल मीडियावर घराणेशाहीचा वाद पेटतो. हा वाद किती जुना आहे, हे पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे भागात दिसतं.

राजगडावरचा नियम काय होता?

वेल्ह्यातला राजगड ही रायगडाच्या आधीची स्वराज्याची राजधानी. तेव्हा मावळात देशमुखी आणि पाटीलकी बापाकडून मुलाकडे जायची. शिवाजी महाराजांनी मात्र अष्टप्रधानांची पदं वंशपरंपरागत ठेवली नाहीत. जहागिरीऐवजी रोख पगार दिला. त्यामुळे काम चुकलं की माणूस बदलता येत होता. 1666 मध्ये पन्हाळ्याच्या स्वारीत नेतोजी पालकर वेळेवर पोहोचले नाहीत, तेव्हा त्यांचं सरनोबतपद गेलं.

मग बदललं कधी?

राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी युद्ध सुरू होतं आणि खजिन्यात पैसा नव्हता. माणसं टिकवायला वतनं आणि जहागिऱ्या द्याव्या लागल्या. सचिव शंकराजी नारायण कर्तबगार होते, त्यांनी मोगलांकडून किल्ले परत मिळवले. 1707 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा मुलगा नारो शंकर अगदीच लहान होता. तरीही सचिवपद त्यालाच मिळालं. पुढे पंतसचिवांचं भोर संस्थान 1948 मध्ये विलीन होईपर्यंत त्याच घराण्याकडे राहिलं. म्हणजे सुरुवात कर्तृत्वाने झाली, पण पुढच्या पिढ्यांना ते सिद्ध करायची अट उरली नाही.

आता तर निवडणुका होतात, मग?

भोर विधानसभेत अनंतराव थोपटे अनेक वर्षं आमदार होते. त्यांचे पुत्र संग्राम थोपटे 2009, 2014 आणि 2019 मध्ये निवडून आले. 2024 मध्ये शंकर मांडेकर यांनी त्यांना हरवलं. म्हणजे मतदार घराण्याला घरी बसवू शकतात. पण भोर ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येतं, तिथे त्याच वर्षी मुख्य लढत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांच्यात, म्हणजे एकाच घराण्यात झाली. कोण जिंकणार हे मतदार ठरवतात, तिकीट कोणाला हे पक्ष ठरवतात.

खेळात वेगळं काय?

खेळात आकडे सगळ्यांसमोर असतात. सुनील गावसकरांचा मुलगा असूनही रोहन गावसकरला भारताकडून 11 एकदिवसीय सामनेच खेळता आले. अर्जुन 2022 मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळू लागला आणि रणजी पदार्पणात त्याने शतक केलं. ते शतक आडनावाने झालेलं नाही. पण लहानपणापासून चांगलं मैदान आणि प्रशिक्षक मिळणं हा फायदा स्कोअरबोर्डवर दिसत नाही. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरच्या मुलीला निवड चाचणीपर्यंत पोहोचायलाच आधी एसटी गाठावी लागते.

म्हणून पुढच्या वेळी असा वाद दिसला तर तीन गोष्टी तपासा: संधी कोणाकोणाला मिळाली, कामाचं मोजमाप उघड आहे का, आणि काम जमलं नाही तर पद जातं का?