गॉबलर गप्प होतो तेव्हा

रानटर्कीच्या जगात बोलावतो नर आणि जाते मादी. वसंतात झुंजूमुंजू होताच नर रातथाऱ्याच्या झाडावरूनच ओरडू लागतो, उजाडल्यावर खाली उतरतो, एखादी मोकळी जागा पाहून पिसारा फुलवतो आणि तिथेच मिरवत राहतो. आसपासच्या माद्या चालत त्याच्यापाशी येतात. अमेरिकेतला शिकारी नेमके याच्या उलट मागतो. झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, तोंडावर जाळी ओढून तो मादीच्या आवाजात नराला म्हणतो, तूच ये. त्या पक्ष्याच्या साऱ्या रीतीविरुद्धची ही विनवणी आहे. ती बहुधा फेटाळली जाते यात नवल नाही. नवल याचे, की दर एप्रिलमध्ये लाखो माणसे पहाटेची झोप मोडून ती करायला पुन्हा जंगलात जातात.

आधी पक्ष्याबद्दल. थँक्सगिव्हिंगच्या ताटातली टर्की ही पांढरी, छातीत इतकी मांसल की तिला धड उडता येत नाही आणि नैसर्गिक समागमही जमत नाही. रानातला तिचा भाऊबंद सडसडीत, तांब्या-पितळेची झाक असलेल्या पिसांचा, सात ते अकरा किलोंचा. ताशी चाळीसेक किलोमीटर वेगाने पळतो, थोड्या अंतरासाठी त्याच्या दुप्पट वेगाने उडतो, आणि झोपायला झाडावर जातो. पूर्ण वाढलेल्या नराला तिथे 'गॉबलर' किंवा 'टॉम' म्हणतात, वर्षाच्या पोरसवद्याला 'जेक'. नराच्या छातीवर केसांसारखी दाढी लोंबते आणि पायांवर आऱ्या असतात. वसंतातल्या परवान्यावर बहुतेक ठिकाणी फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो. गंमत अशी, की थोड्या माद्यांनाही दाढी असते.

त्याचे डोके पिसांशिवायचे, आणि मनःस्थितीप्रमाणे तिथला रंग पालटतो: लाल, पांढरा, निळा. हे रंगांतर नोंदवणाऱ्या जुन्या निरीक्षकांत आपल्याकडचा एक बादशहा आहे. 1612 मध्ये त्याच्या दरबारातल्या मुकर्रबखानाने गोव्यात पोर्तुगिजांकडून चिजा विकत घेतल्या, त्यांत एक टर्की होती. जहांगीर तिच्यावर इतका खूश झाला की त्याने तिचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात लिहिले आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतले. सरड्यासारखे रंग बदलणारे डोके आणि चोचीवर लोंबणारी मांसल सोंड, दोन्ही त्याच्या नजरेतून सुटले नाहीत. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अर्थात ती पाळीव टर्की. मेक्सिकोतल्या लोकांनी माणसाळवलेला हा पक्षी सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून युरोपात पोचला आणि तिथून जगभर फिरला.

अमेरिकन शिकाऱ्याला या रंगांचे वेगळेच भान ठेवावे लागते. लाल, पांढरा किंवा निळा रुमाल, मोजा, टोपीची किनार असे काहीही अंगावर नको. झुडपाआडून दिसलेला लाल ठिपका पाहून दुसरा शिकारी छर्रे झाडतो. असे अपघात झालेले आहेत. म्हणूनच नराच्या आवाजाच्या रोखाने दबकत जायचे नाही, हा इथला पहिला धडा: तो आवाज दुसऱ्या एखाद्या शिकाऱ्याचाही असू शकतो.

पहाटेची कामगिरी अंधारातच सुरू होते. शिकारी घुबडासारखा घुमतो. झाडावरच्या नराला मोठा आवाज सहन होत नाही; घुबड, कावळा, विजेचा कडकडाट, अगदी मोटारीचे दार आपटले तरी तो न राहवून 'गॉबल' करतो. त्यावरून झाड कळते. मग शे-दीडशे मीटरवर जाऊन बसायचे, आणि झोपेतून जाग येणाऱ्या मादीची दोन-तीन हलकी कूजने करायची. वरून उत्तर येते. शिकाऱ्याच्या छातीत धडधड सुरू होते. नर पंख फडफडवत उतरतो, आणि बरेचदा दुसऱ्याच बाजूला, कारण खऱ्या माद्या तिकडे असतात. शिकाऱ्यांच्या बोलीत हा नर 'हेन्ड-अप' झाला. किंवा तो येतो, पण साठ-सत्तर मीटरवर थांबतो. आवाज जिथून आला तिथे मादी दिसायला हवी, ती दिसत नाही. आता तिने पुढे यावे, अशी त्याची रास्त अपेक्षा. याला 'हँग-अप' म्हणतात. छऱ्यांच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला पस्तीस-चाळीस मीटरचा. मधल्या त्या तीस मीटरांत या छंदाची सगळी चिडचिड राहते.

त्याच वेळी नाकावर डास बसतो. तो उडवला की खेळ संपला. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मान जराशी वळवली की चहूकडचे दिसते. रंग ओळखतो, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही त्याला दिसतो. वास मात्र तो फारसा घेत नाही. तो घेता, तर कुणालाच टर्की मिळाली नसती, असे शिकारी म्हणतात. बेंजामिन फ्रँकलिनने 1784 मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात या पक्ष्याला थोडा मूर्ख पण धीट म्हटले होते. पाय सुन्न होईतो बुंध्याशी बसलेल्या माणसांपैकी किती जण त्यातला पहिला शब्द मान्य करतील, मला शंका आहे.

आवाज काढण्याची साधने हा वेगळाच संसार. सर्वांत जुनी ती टर्कीच्याच पंखातली हाडे एकात एक बसवून केलेली नळी. ती ओठांत धरून हवा आत ओढायची. ही मूळ रहिवाशांची देणगी. अर्कान्सासच्या हेन्री गिब्सनने 1897 मध्ये लाकडी पेटीचे पेटंट घेतले: खाली पातळ भिंतींची पोकळ डबी, वर दांड्याचे झाकण, ते खडू लावून भिंतीवर घासायचे. पाटीच्या दगडावर काडी घासूनही मादीचा आवाज निघतो. टाळूला चिकटवायची रबरी पडद्याची चकती सर्वांत सोयीची, कारण हात मोकळे राहतात. पण शिकताना उमासे येतात आणि घरचे वैतागतात. अमेरिकेत या आवाजांच्या स्पर्धा भरतात. जाणकार मात्र हसून सांगतात, की खरी मादी या स्पर्धेत उतरली तर पहिल्याच फेरीत बाद होईल, इतकी ती बेसूर असते.

आपल्याकडे पारध्यांना तितराची साद घालून तितर फाशापाशी आणण्याची कला अवगत होती. पण तिथे पोटाचा प्रश्न होता. अमेरिकेतल्या या माणसाला दुकानात टर्की स्वस्त मिळते. त्याला हवी असते ती बोलणी. अलाबामातला वनतज्ज्ञ टॉम केली याने 1973 मध्ये 'टेन्थ लीजन' हे पुस्तक लिहिले. टर्कीच्या शिकाऱ्यांत ते पोथीसारखे वाचले जाते. त्याआधीचे मोठे पुस्तक 1914 चे, चार्ल्स जॉर्डनच्या टिपणांवरून एडवर्ड मॅकिलहेनीने पुरे केलेले. हा मॅकिलहेनी म्हणजे टबॅस्को सॉसवाल्या घराण्यातला.

1914 मध्ये हे पुस्तक निघाले तेव्हा पक्षी संपत आला होता. जंगलतोड आणि बाजारासाठीची बेबंद कत्तल यांनी संख्या दोन लाखांच्या आत आली होती. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा रानटर्की 1851 मध्येच गेला. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पैसा आला, पण पहिला उपाय फसला. कोंबडवाड्यात वाढवून सोडलेल्या टर्क्या रानात टिकेनात. त्यांना आईने काहीच शिकवलेले नव्हते. मग 1951 मध्ये साउथ कॅरोलिनात, पाणपक्ष्यांसाठी केलेले तोफेने उडणारे जाळे टर्कींच्या थव्यावर टाकून पाहिले गेले, आणि रानातलेच पक्षी पकडून दुसऱ्या रानात सोडणे शक्य झाले. मॅसॅच्युसेट्सला 1972-73 मध्ये न्यूयॉर्कहून 37 पक्षी मिळाले. आज बॉस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्याही अंगणात त्यांची संतती बिनदिक्कत हिंडते, मोटारी अडवते, पोस्टमनच्या मागे लागते. देशभरात आकडा सत्तर लाखांच्या घरात गेला. ज्याला मारायचे त्यालाच वाचवण्याचे हे गणित मला आजही पूर्ण पचलेले नाही. पण त्या कराच्या पैशाशिवाय हा पक्षी परतला असता असे म्हणणे अवघड आहे.

गेली काही वर्षे आग्नेय राज्यांत संख्या पुन्हा घसरते आहे. पिल्ले जगत नाहीत. अधिवास, भक्षक, हवामान अशी कारणे मांडली जातात, आणि एक बोट शिकाऱ्यांच्या नव्या सामानाकडेही जाते. टंगस्टनचे छर्रे शिशापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे ते लांबवर मारा करतात; हँग-अप झालेला नर आता सुरक्षित उरत नाही. काही जण पिसाऱ्याचा पंखा पुढे धरून रांगत जातात. मिरवणाऱ्या नराला वाटते, प्रतिस्पर्धी आला, आणि तो धावून येतो. यात ना साद, ना वाट पाहणे. जुन्या शिकाऱ्यांना हे आवडत नाही, आणि मला त्यांचे पटते: ते मधले तीस मीटर पैसे देऊन विकत घेतले, तर उरते ती नुसती गोळीबाराची जागा. अलाबामाने हंगामाच्या पहिल्या दिवसांत नकली पक्षी वापरायला मनाई केली. टेनेसीने 2023 पासून हंगाम दोन आठवडे उशिरा सुरू केला. मात्र तिथल्याच विद्यापीठाच्या अभ्यासात उशिरा सुरुवात केल्याने पिल्लांची संख्या वाढल्याचे दिसले नाही, आणि वाद चालूच आहे.

जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी साउथ कॅरोलिनातल्या जंगलांत ध्वनिमुद्रक लावून ठेवले, शिकार चालते तिथे आणि चालत नाही तिथेही. शिकारीच्या जंगलात हंगाम सुरू होताच गॉबलांची संख्या कमी होते, असे त्यातून दिसले. जो ओरडतो तो मरतो, आणि जे उरतात त्यांना तोंड बंद ठेवणे परवडते. हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात जंगल मुके झाले म्हणून कुरकुरणाऱ्या शिकाऱ्याने ते काही अंशी पहिल्या आठवड्यात स्वतःच केलेले असते.