खिशातील विजेरी

खिशातील विजेरी म्हणजे मुठीत सहज मावणारा, दिवसभर खिशात किंवा कमरपट्ट्यावर बाळगता येणारा आणि एका हाताने चालू-बंद करता येणारा, सेलवर चालणारा छोटा दिवा होय. तिला टॉर्च असेही म्हणतात. बोलीभाषेत ‘बॅटरी’ हा शब्द दिव्यासाठीही वापरतात आणि त्यातील घटासाठीही. या लेखात दिव्याला विजेरी आणि घटाला सेल म्हटले आहे. रोजच्या वापरासाठी सामान्य माणूस आणि कामाची गरज म्हणून पोलीस, वनरक्षक, वीज कर्मचारी, रेल्वे कर्मचारी, परिचारिका असे अनेक जण ती जवळ बाळगतात. विकत घेताना बहुधा वेष्टनावरचा लुमेनचा सर्वांत मोठा आकडा पाहिला जातो. वास्तविक विजेरीची उपयुक्तता त्या आकड्यापेक्षा इतर गोष्टींवर अधिक अवलंबून असते: तो प्रकाश किती वेळ टिकतो, कोठे पडतो आणि गरजेच्या क्षणी पहिल्याच दाबाला मिळतो की नाही.

इतिहास

कोरडा सेल बाजारात आल्यानंतर विजेरी शक्य झाली. डेव्हिड मिसेल या संशोधकाच्या नळीच्या आकाराच्या विद्युतदिव्याला १० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत पेटंट मिळाले. कागदी नळीत एकापुढे एक ठेवलेले सेल, टोकाला लहान दिवा आणि त्यामागे पितळी परावर्तक अशी त्याची रचना होती. हे पेटंट कॉनराड ह्यूबर्ट यांच्या कंपनीकडे होते. याच कंपनीतून पुढे ‘एव्हर रेडी’ हे नाव प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या विजेऱ्यांचे सेल दुर्बल आणि कार्बनच्या तंतूचे दिवे अकार्यक्षम असल्याने सलग प्रकाश मिळत नसे. कळ क्षणभर दाबायची, उजेडाचा झपका घ्यायचा आणि सेलला विश्रांती द्यायची, अशी वापराची पद्धत होती. इंग्रजीतील ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरूनच पडले. या विजेऱ्यांच्या पहिल्या वापरकर्त्यांमध्ये न्यूयॉर्कचे पोलीस होते.

कामावरची विजेरी बराच काळ मोठीच राहिली. १९७९ मध्ये अँथनी मॅग्लिका यांच्या कंपनीने बाजारात आणलेली अॅल्युमिनियमची ‘मॅगलाइट’ अमेरिकी पोलिसांत लोकप्रिय झाली. मोठे सेल भरलेली ही लांब नळी जड असे आणि प्रसंगी दंडुक्यासारखीही वापरली जाई. २००४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक पोलीस संशयिताला धातूच्या विजेरीने वारंवार मारत असल्याचे दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले. त्यावरून मोठा वाद झाला आणि तेथील पोलीस दलाने पुढे लहान व हलकी एलईडी विजेरी स्वीकारली. विजेरी हे प्रकाशाचे साधन असावे, शस्त्र नव्हे, हा त्या निर्णयामागचा विचार होता. आज जाहिरातींतून पुन्हा दिसणारी दातेरी कडांची, ‘स्वसंरक्षणासाठी’ म्हणून विकली जाणारी विजेरी या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. व्यवहारात त्या कडा बहुतेक वेळा फक्त खिसाच फाडतात.

आकार लहान होण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले लिथियम सेलचे. १९८०च्या दशकातील ‘शुअरफायर ६पी’ ही तळहाताएवढी विजेरी दोन लिथियम सेलवर सुमारे ६५ लुमेन प्रकाश सुमारे तासभर देत असे, आणि हा प्रकाश त्या काळी पोलिसी कामाला भरपूर मानला जाई. दुसरे कारण पांढऱ्या एलईडीचे. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रकाशाचे फॉस्फर चढवून पांढरा प्रकाश मिळवतात. तंतू तुटण्याचे भय गेले आणि तेवढ्याच सेलवर कित्येक पट प्रकाश मिळू लागला.

आकड्यांचा अर्थ

लुमेन हे विजेरीतून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. कँडेला हे झोताच्या सर्वांत तेजस्वी भागातील तीव्रतेचे माप आहे. लुमेन तेवढेच असताना मोठ्या, खोल परावर्तकाची विजेरी अरुंद झोत लांब फेकते, तर उथळ परावर्तकाची किंवा दाणेदार काचेची विजेरी तोच प्रकाश जवळपास पसरवते. म्हणून केवळ लुमेनवरून विजेरी किती दूरचे दाखवील हे सांगता येत नाही.

अमेरिकेत २००९ मध्ये विजेऱ्यांच्या मोजमापासाठी ‘एएनएसआय एफएल-१’ हे मानक तयार झाले. झोताचे अंतर म्हणजे ज्या ठिकाणी प्रकाश ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पूर्ण चांदण्याइतका, उरतो तेथपर्यंतचे अंतर, असे त्यात ठरवलेले आहे. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की हे अंतर मीटरमध्ये मिळते: १०,००० कँडेलाच्या विजेरीचे अंतर २०० मीटर. मात्र चांदण्याइतक्या उजेडात माणूस उभा आहे एवढेच कळते, तो कोण आहे हे कळत नाही. चेहरा किंवा हातातील वस्तू ओळखायची असेल तर छापील अंतराचा लहानसा भागच हिशेबात धरावा. अंतर दुप्पट करायचे तर तीव्रता चौपट लागते, हेही या सूत्रातून स्पष्ट होते. डोळ्यांची संवेदना सरळ प्रमाणात वाढत नसल्याने ५०० आणि ६०० लुमेनमधील फरक तर सहसा जाणवतही नाही.

या मानकाची सर्वांत फसवी बाजू चालण्याच्या वेळेची आहे. विजेरी सुरू केल्यानंतर ३० सेकंदांनी जो प्रकाश असेल, तो १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ हा ‘चालण्याचा वेळ’ मानला जातो. त्यामुळे ‘१,००० लुमेन, दोन तास’ असे लिहिलेली विजेरी पहिली दोन-तीन मिनिटे १,००० लुमेन आणि उरलेला वेळ ३०० लुमेन देत असली, तरी मानकानुसार तो दावा खोटा ठरत नाही. वेळेनुसार प्रकाश कसा उतरतो याचा आलेख उपलब्ध असेल तर तोच पाहावा.

ऊर्जेचा साधा हिशेब केल्यास पुष्कळ अतिरंजित दावे घरबसल्या उघडे पडतात. आजच्या चांगल्या विजेरीत एका वॉटला साधारण १०० लुमेनच्या आसपास किंवा थोडा अधिक प्रकाश मिळतो. १८६५० या प्रकारच्या लिथियम-आयन सेलची धारकता ३,००० मिलीअँपिअर-तास व दाब ३.६ व्होल्ट धरल्यास त्यात सुमारे १०.८ वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे १,००० लुमेन प्रकाश तासभराच्या आसपासच मिळू शकतो. त्याच आकाराच्या सेलवर ‘१०,००० लुमेन, दहा तास’ असे छापलेले असेल तर ते अशक्य आहे. १८६५० सेलवर ९,९०० मिलीअँपिअर-तास असा आकडा दिसला तर तो सेल घेऊ नये. या आकाराच्या चांगल्या सेलची धारकता ३,५०० च्या आसपास असते.

उष्णता

एलईडी थंड राहतो हा गैरसमज आहे. सेलमधून घेतलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेतच जातो आणि ती उष्णता विजेरीच्या धातूच्या अंगातून हवेत व हातात जाते. बोटभर लांबीच्या विजेरीचा पृष्ठभाग इतका कमी असतो की दहा वॉटची उष्णता ती फार वेळ बाहेर टाकू शकत नाही. त्यामुळे आतील परिपथ काही मिनिटांतच प्रकाश आपोआप कमी करतो. हा दोष नसून संरक्षण आहे. परंतु रात्रपाळीवरील कर्मचाऱ्याच्या दृष्टीने विजेरीची खरी क्षमता या उतरलेल्या पातळीवर ठरते. खिशात चुकून सुरू झालेली शक्तिशाली विजेरी कपडा करपवू शकते आणि त्वचेला भाजू शकते. यावर सोपा उपाय म्हणजे मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवणे. पुष्कळ विजेऱ्यांत त्यामुळे विद्युतमार्ग खंडित होतो.

सेल

सेलची निवड प्रत्यक्षात विजेरीचीच निवड असते. एका बारीक पेन्सिल सेलवर (एएए) चालणारी विजेरी किल्ल्यांच्या जुडग्यात मावते. साध्या पेन्सिल सेलची (एए) विजेरी बोटापेक्षा थोडी जाड असते आणि तिचा सेल खेड्यातील किराणा दुकानातही मिळतो. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचा पुन्हा भारित होणारा एए सेल सुमारे २.४ वॉट-तास ऊर्जा देतो, म्हणजे १०० लुमेन प्रकाश दोन तासांच्या आसपास. २००५ च्या सुमारास आलेल्या सुधारित सेलचा भार पडून राहिल्यावरही फारसा उतरत नाही, त्यामुळे हा पर्याय रोजच्या वापरासाठी स्वस्त आणि समाधानकारक आहे.

अल्कलाइन सेल विजेरीत महिनोन्महिने विसरून ठेवू नयेत. संपत आलेल्या सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते आणि आतील पट्ट्या गंजतात. ‘अडीअडचणीसाठी’ कपाटात ठेवलेली विजेरी नेमक्या अडचणीच्या वेळी बंद आढळते ती बहुधा यामुळे. पांढरा थर साचला असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या बोळ्याने तो पुसता येतो. मात्र तो त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असल्याने काळजी घ्यावी. वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या विजेरीसाठी एकदाच वापरायचा लिथियम सेल सर्वांत योग्य.

लिथियम-आयन सेलची शक्ती मोठी असते आणि धोकाही तितकाच. १४५०० हा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब एए सेलसारखा असतो, पण पूर्ण भारित असताना त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो, केवळ १.५ व्होल्टसाठी बनवलेल्या विजेरीत तो घातल्यास आतला परिपथ जळू शकतो. जुने-नवे सेल एकत्र घालणे, आवरण फाटलेला सेल वापरणे, सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकणे हे टाळावे. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल तपासणीसाठी सोपवलेल्या सामानात चालत नाहीत; ते टोके झाकून हातातील सामानात न्यावे लागतात.

विजेरीतच भारणाची सोय असणे सोयीचे आहे. मात्र सेल बदलता येत नसेल तर तो क्षीण होताच विजेरीही निकामी होते, आणि पाळीच्या मध्यावर सेल संपल्यास दुसरा घालून काम पुढे नेता येत नाही. कामासाठीच्या विजेरीत ही उणीव गंभीर समजावी.

कळ आणि प्रकाशाच्या पातळ्या

अंधारात, पावसात किंवा हातमोजा घालून कळ चाचपडावी लागू नये. मागच्या टोकाला असलेली यांत्रिक कळ मुठीत धरताच अंगठ्याखाली येते, आणि अर्धवट दाबून क्षणभर उजेड घेता येतो. बाजूची इलेक्ट्रॉनिक कळ पातळ्या बदलायला सोयीची, पण अंधारात शोधावी लागते आणि बंद असतानाही सेलमधून अत्यल्प वीज घेत राहते. पोलीस किंवा सुरक्षारक्षकाच्या विजेरीत पहिल्या दाबाला कोणती पातळी लागेल हे निश्चित असले पाहिजे. एकामागून एक पातळ्या आणि मध्येच लुकलुकणारा झोत येणाऱ्या विजेरीचा ऐन वेळी उपयोग होत नाही.

सर्वांत मंद पातळीकडे ग्राहकाचे दुर्लक्ष होते, पण रोजच्या वापरात तीच अधिक लागते. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि तेजस्वी झोताने हा सराव क्षणात नाहीसा होतो. रात्री घरात वावरायला एक ते पाच लुमेन पुरतात.

कामानुसार निवड

महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळत असल्याने अनेक शेतकऱ्यांना रात्री पाणी द्यायला जावे लागते. त्यांचा मुख्य धोका पायाजवळ असतो: मण्यार निशाचर आहे आणि घोणसही प्रामुख्याने रात्रीच वावरते. अशा वेळी लांब फेकणाऱ्या अरुंद झोतापेक्षा पायापुढची दोन-तीन पावले कडेपर्यंत उजळणारा, ५० ते १०० लुमेनचा पसरट प्रकाश अधिक उपयोगी, आणि तो पाळी संपेपर्यंत टिकणे महत्त्वाचे. भ्रमणध्वनीचा दिवा येथे अपुरा पडतो. शिवाय तो वापरताना मदतीसाठी लागणाऱ्या फोनचाच सेल संपतो.

परिचारिका व डॉक्टर बाहुलीची प्रतिक्रिया पाहण्यासाठी मंद झोताची पेनासारखी विजेरी वापरतात. शेकडो लुमेनची विजेरी रुग्णाच्या डोळ्यांत मारणे योग्य नव्हे. त्वचेचा निळसरपणा ओळखणे किंवा वीज कर्मचाऱ्याने तारांचे रंग पाहणे अशा कामांत रंगांची अचूकता महत्त्वाची असते. त्यासाठी रंगदर्शन निर्देशांक ९० किंवा अधिक असलेला एलईडी घ्यावा. तेवढ्याच सेलवर त्याचे लुमेन थोडे कमी भरतात. रेल्वेत इशाऱ्यासाठी लाल व हिरवा प्रकाशही देणाऱ्या तिरंगी विजेऱ्या असतात, सामान्य विजेरी त्यांची जागा घेऊ शकत नाही. पोलिसी गस्तीसाठी मध्यभागी ठळक झोत आणि भोवती पुरेसा पसारा असलेली, १८६५० सेलची, सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची विजेरी हा चांगला मध्यबिंदू आहे. त्याहून मोठी असली की ती खिशाऐवजी मेजाच्या खणात राहते.

पावसाळी प्रदेशात पाणीरोधकतेचा दर्जा पाहणे आवश्यक आहे. आयपीएक्स-४ म्हणजे केवळ उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, तर आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. हा दर्जा झाकणाजवळील रबरी कड्यावर अवलंबून असतो. कडे चिरले किंवा आट्यांत माती बसली की दर्जा नावापुरता उरतो. आटे कोरड्या कापडाने पुसून कड्याला सिलिकोन वंगणाचा पातळ हात द्यावा. पेट्रोलियमजन्य वंगणाने काही प्रकारचे रबर फुगते.