इनामगावच्या घरांच्या जमिनीखाली

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे बारा हंगाम उत्खनन केले. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामातून शंभराहून अधिक घरे उजेडात आली. घरांवर, धान्याच्या साठवणीवर, पाटाच्या पाण्यावर पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र सर्वांत मोलाच्या वाटतात त्या घरांच्या जमिनींखालच्या थरांच्या नोंदी.

या नोंदींची शिस्त जुनी. सांकलियांनी तरुणपणी इंग्लंडमध्ये मेडन कॅसलच्या उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली काम केले होते. १९४४ मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षण सुरू केले. चौरस आखायचे, मधे मातीचे बांध राखायचे, उभ्या छेदात प्रत्येक थराला क्रमांकाची चिठ्ठी लावायची. जोर्वे, नेवासे इथली उत्खनने त्यानंतरची. इनामगावला एकेक घर पूर्ण उघडायचे ठरले, तेव्हा या शिस्तीची खरी कसोटी लागली.

घराची जमीन म्हणजे चोपून, सारवून केलेला मातीचा थर. ती खराब झाली की तिच्यावर नवी जमीन घालत. या जमिनींखाली मुलांची दफने सापडली: बहुधा दोन कुंभ, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आता प्रश्न असा, की खड्डा नेमका कोणत्या जमिनीवरून खणला? जमीन फोडून खड्डा खाली गेला असेल, तर मूल त्या घरात माणसे राहू लागल्यानंतर पुरलेले. जमीन खड्ड्यावर अखंड पसरलेली असेल, तर दफन तिच्याआधीचे. खड्ड्याची कड भोवतीच्या मातीपेक्षा किंचित भुसभुशीत, किंचित वेगळ्या रंगाची असते. खुरपे थोडे खोल गेले की ती नाहीशी होते, आणि मग कुंभ हातात येऊनही त्याचे घर कळत नाही.

पुढचे सारे या नोंदींवर उभे राहिले. इनामगावच्या वस्तीचे तीन काळ मानतात: माळवा काळ इ.स.पू. सुमारे १६०० पासूनचा, पूर्व जोर्वे १४०० पासूनचा, उत्तर जोर्वे १००० ते ७०० चा. शेवटच्या काळात ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. तेव्हा मुलांची प्रकृतीही बदलली का? मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी मुलांच्या दातांवरून याचा शोध घेतला. कोणते मूल कोणत्या काळातले हे ठाऊक नसते, तर त्यांची तुलना कशाशी झाली असती? मातीच्या झाकणाच्या पेटीत ठेवलेली देवीची मूर्तीही एका घराच्या जमिनीखालीच मिळाली. थराच्या नोंदीविना बाजारात आली असती, तर ती नुसती एक बाहुली ठरली असती.

सविस्तर अहवाल १९८८ मध्ये निघाला. त्याला लागलेली वर्षे मला सार्थ वाटतात.

गावोगावच्या पांढरी आजही मातीसाठी खणल्या जातात, आता यंत्राने. आपल्या गावच्या पांढरीत राख, खापरे किंवा चोपलेली जमीन दिसली तर खणणे थांबवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.