तळघरातलं वॉशिंग मशीन

अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत वॉशिंग मशीन तळघरात असतं. ते बसवताना सगळ्यांचं लक्ष नळजोडणीकडे; खरी मेख मात्र सांडपाण्यात. अनेक घरांत मैलापाण्याचा पाइप तळघराच्या फरशीच्या बराच वरून बाहेर पडतो, म्हणजे पाणी उताराने जाणार नाही, चढवावं लागणार. मशीनला पंप असतोच की, असं कुणी म्हणेल. असतो, पण त्याची झेप ठरावीक उंचीपुरतीच. त्यापलीकडे पंप थांबला की नळीतलं करडं, साबणाळ पाणी परत ड्रममध्ये उतरू शकतं. म्हणून खोल सिंक आणि त्याखाली वेगळा पंप. खर्च वाढतो, कबूल. तरी उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्हही टाळू नये: मुसळधार पावसात गटार तुंबलं, तर मैला आधी तळघरातच वर येतो.