विश्लेषण : केवळ लेखनावर घर चालू शकते का?

पुस्तकाच्या एका प्रतीमागे लेखकाच्या हाती नेमके किती पडते, बाकीचे पैसे कुठे जातात आणि करारावर सही करताना काय पाहायला हवे?

हा प्रश्न आता चर्चेत का?

हिंदीतील ज्येष्ठ साहित्यिक विनोदकुमार शुक्ल यांनी २०२२ मध्ये आपल्याला मिळणारी रॉयल्टी तुटपुंजी असल्याची जाहीर तक्रार केली. प्रकाशकांनी त्यावर आपली बाजू मांडली. मात्र २०२५ मध्ये त्यांच्या 'दीवार में एक खिड़की रहती थी' या १९९७ मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या कादंबरीच्या नव्या प्रकाशकाने रायपूरमध्ये त्यांना ३० लाख रुपयांच्या रॉयल्टीचा धनादेश दिला. लेखक तोच, कादंबरीही तीच. त्यामुळे भारतीय भाषांतील पुस्तके खपत नाहीत, की खपलेल्या प्रतींचा हिशेब लेखकापर्यंत पोहोचत नाही, हा प्रश्न पुन्हा पुढे आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळालेल्या मराठीलाही तो तितकाच लागू आहे.

एका पुस्तकातून लेखकाला किती मिळते?

मराठीत रॉयल्टी साधारणपणे छापील किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास असते. नवोदितांना कमी, खपाच्या लेखकांना अधिक. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि आवृत्ती ५०० प्रतींची धरली, तर सर्व प्रती विकल्या गेल्यावर लेखकाला १५ हजार रुपये मिळतात. लेखनाला दोन वर्षे लागली असतील तर महिन्याला ६२५ रुपये. महिना २५ हजार रुपये मिळवायचे तर याच पुस्तकाच्या वर्षाला १० हजार प्रती खपायला हव्यात आणि तेही दरवर्षी. एकेकाळी हजार-अकराशे प्रतींची पहिली आवृत्ती रूढ होती. आता अनेक पुस्तके ३००-५०० प्रतींतच निघतात.

बाकीचे पैसे कुठे जातात?

छापील किमतीतील ३० ते ५० टक्के वाटा वितरक आणि विक्रेत्यांच्या कमिशनमध्ये जातो. उरलेल्या रकमेतून कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन आणि साठवणूक भागवावी लागते. विक्रेत्याकडून पैसे अनेक महिन्यांनी येतात, न खपलेल्या प्रतीही परत येतात. त्यामुळे लहान प्रकाशकाची ओढाताण खोटी नसते. मात्र काही करारांत रॉयल्टी छापील किमतीवर न देता कमिशन वजा जाता हाती आलेल्या रकमेवर दिली जाते. ३०० रुपयांच्या पुस्तकावर ४० टक्के कमिशन गेले तर लेखकाचे ३० रुपये एकदम १८ वर येतात. करारात '१० टक्के' हाच आकडा दोन्हीकडे दिसतो.

मग मराठी लेखक आजवर जगले कसे?

बहुतेक जण दुसऱ्या कामावर. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, पुढे त्यांनी चित्रपटांसाठी लिहिले. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई आणि नंतर शिक्षक म्हणून नोकरी केली. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीवर होते. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, अनेक भाषांत अनुवाद झाले. तरी १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले ते हलाखीतच. लोकप्रियता आणि मिळकत यांचे नाते तेव्हाही सरळ नव्हते.

आजही पूर्णवेळ लेखक म्हणवणाऱ्यांचा खर्च भागतो तो मालिका व चित्रपटांचे लेखन, अनुवाद, शब्दांकन, जाहिराती, ऑडिओ कथा, सदरे आणि व्याख्यानांतून. दिवाळी अंकाचे मानधन वर्षातून एकदाच मिळते, तेही सगळीकडे मिळतेच असे नाही.

कायदा काय सांगतो?

प्रताधिकार कायदा १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, म्हणजे वारसांनाही उत्पन्न मिळू शकते. हक्क प्रकाशकाला देताना करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्याच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून रॉयल्टीचा समान वाटा मागता येतो.

'सर्व हक्क कायमस्वरूपी' या तीन शब्दांवर सही केली की यातील बरेचसे हातचे जाते. अनुवाद, ऑडिओ, ई-बुक, नाट्य आणि चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घेणे म्हणूनच महत्त्वाचे. पुस्तकाच्या ५०० प्रती खपल्या तरी त्याच कथेच्या चित्रपट हक्कातून कैकपट रक्कम येऊ शकते.

सरकारी मदतीचा आधार किती?

राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना दरमहा ५ हजार रुपये मानधन देते. साहित्य अकादमी पुरस्काराची रक्कम १ लाख रुपये आहे. पहिली मदत उतारवयातली, दुसरी मोजक्यांची. लिहित्या वयात घर चालवायला दोन्हींचा उपयोग होत नाही.

इतर देशांत काय स्थिती?

ब्रिटनमध्ये २०२२ च्या पाहणीत लेखन हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांचे लेखनातून मिळणारे मध्यक उत्पन्न वर्षाला फक्त ७ हजार पौंड होते. मात्र तेथे १९७९ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचकाने नेले की लेखकाला छोटी रक्कम मिळते. तिची वार्षिक कमाल मर्यादा ६,६०० पौंड आहे. डेन्मार्कने ही पद्धत १९४६ मध्येच सुरू केली. महाराष्ट्रात हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि मराठी पुस्तकाचा मोठा वाचक तेथेच आहे. एक प्रत पन्नास जणांनी वाचली तरी लेखकाला रॉयल्टी एकाच प्रतीची मिळते.

काय बदलायला हवे?

रॉयल्टीची टक्केवारी वाढवणे लहान प्रकाशकांना अवघड आहे. हिशेब देणे तितके अवघड नाही. किती प्रती छापल्या, किती विकल्या, किती शिल्लक, पुनर्मुद्रण केव्हा झाले याचा वार्षिक तक्ता लेखकाला मिळावा, असे कलम करारात घालता येते. तसे कलम नसेल तर लेखकाला प्रकाशकाच्या शब्दावर विसंबावे लागते. काही हजारांच्या रकमेसाठी कोर्टात जाणे परवडत नाही, त्यामुळे वाद बहुधा कुजबुजीतच राहतात. मागणीनुसार छपाईमुळे आता थोड्या थोड्या प्रती सतत निघत राहतात. अशा वेळी आवृत्ती संपली की नाही, हे लेखकाला बाहेरून कळण्याचा मार्गच उरत नाही. नवा करार करणाऱ्याने टक्केवारीच्या आधी हेच कलम पाहिलेले बरे.